विमानाचा डोळा, जमिनीचा कान



घराच्या छपरावरचे दूरदर्शनचे एरिअल आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. एक जण कौलांवर चढून ती ॲल्युमिनियमची शिडी हळूहळू फिरवीत असे, दुसरा खिडकीतून डोके काढून "अजून जरासं डावीकडे!" म्हणून ओरडत असे, आणि पडद्यावरच्या मुंग्या विरून वृत्तनिवेदकाचा चेहरा दिसू लागला की सारे घर खूश होई. ती शिडी मूळची जपानची. सेंदाई येथील तोहोकु विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली ती जगापुढे मांडली. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्यातही काम हेच आहे. दूरचे चित्र पकडावयाचे आहे. फरक इतकाच की आता प्रक्षेपण केंद्र डोंगरावर उभे नसून आकाशात फिरते आहे, आणि चित्र गेले तर कार्यक्रम चुकण्यावर भागत नाही, विमान हातचे जाते.

खेळण्यातील विमान म्हटले की अजूनही रबराच्या पिळावर उडणारे लाकडी पाखरू काही जणांच्या डोळ्यांसमोर येते. हल्लीची मुले जे उडवितात त्याच्या नाकावर अंगठ्याएवढा कॅमेरा असतो. कॅमेऱ्यामागे एक लहानसे प्रेषक यंत्र असते, ते चित्र लहरींवर चढवून खाली पाठविते, आणि उडविणारा डोळ्यांवर चष्मा चढवून जणू वैमानिकाच्या आसनावरूनच पुढचे दृश्य पाहतो. याला फर्स्ट पर्सन व्ह्यू, संक्षेपाने एफपीव्ही, म्हणतात. बेळगावच्या आसपासच्या माळांवर आमच्या शाळेतील विज्ञानमंडळाची मुले हा उद्योग करितात आणि मी त्यांच्यासोबत असतो. मी काही रेडिओ-अभियंता नव्हे. भौतिकशास्त्र शिकवितो, तेवढ्या शिदोरीवर बोलत आहे.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, किती मिलिवॅटचा प्रेषक घ्यायचा?" बाजारात २५ मिलिवॅटपासून १ वॅटपर्यंत आणि त्याहूनही मोठे प्रेषक मिळतात, आणि आकडा मोठा तेवढे विमान दूर जाणार, हे गणित कोणालाही पटण्याजोगे आहे. पण लहरी चहूकडे पसरतात, त्यामुळे अंतर दुप्पट केले की खाली पोहोचणारी शक्ती एकचतुर्थांश उरते. म्हणजे पल्ला दुप्पट हवा असेल तर शक्ती चौपट लागते आणि चौपट पल्ल्यासाठी सोळापट. २५ मिलिवॅटवर जो मुलगा एक किलोमीटरपर्यंत नीट पाहतो, त्याला चार किलोमीटरसाठी ४०० मिलिवॅट लागतील. तितकी बॅटरी जाईल, तितके यंत्र तापेल, आणि शेजारी उडविणाऱ्याच्या चित्राचीही तितकीच नासाडी होईल. शक्ती वाढविणे हा सर्वांत महागडा आणि सर्वांत आडदांड उपाय आहे असे माझे मत आहे.

दुसरा प्रश्न लहरींच्या कंपनसंख्येचा. येथे एक गैरसमज फार खोल रुजलेला दिसतो. उच्च कंपनसंख्येच्या लहरी लवकर थकतात, असे सांगितले जाते. मोकळ्या हवेत, या पट्ट्यांपुरते बोलावयाचे तर, तसे काही होत नाही. १९४६ साली बेल प्रयोगशाळेतील हाराल्ड फ्रिस या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने एका लहानशा सूत्रात हा सारा हिशेब मांडला. त्याचा मथितार्थ असा की एरिअल ही लहरींच्या पावसात धरलेली ओंजळ होय. साध्या, सर्व दिशांना सारखे ऐकणाऱ्या एरिअलची ओंजळ तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे लहानमोठी होते. ५.८ गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ५.२ सेंटिमीटर असते, आणि आदर्श एरिअलची ओंजळ भरते अवघी दोन चौरस सेंटिमीटर, म्हणजे टपालाच्या लहान तिकिटाच्या निम्मीसुद्धा नाही. १.३ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २३ सेंटिमीटर, आणि ओंजळ सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डाचा तिसरा हिस्सा. पाऊस तोच, भांडे मात्र वीसपट मोठे. १.३ गिगाहर्ट्झवर विमान दूर जाते ते एवढ्याच कारणाने.

आता हे नीट कळले म्हणजे त्यातूनच सुटकेची वाट निघते. ओंजळ लहान पडते ना? मग जमिनीवर मोठी ओंजळ धरावी. विमानावर साधे, चहूकडे पाहणारे एरिअल ठेवले आणि जमिनीवर ठराविक क्षेत्रफळाचे, समजा वितभर चौरस एरिअल ठेवले, तर हाती येणाऱ्या शक्तीच्या हिशेबातून कंपनसंख्या चक्क निघून जाते! ५.८ वर असो वा १.३ वर, तेवढ्याच क्षेत्रफळात तेवढीच शक्ती सापडते. मात्र त्याचा मोबदला द्यावा लागतो. कंपनसंख्या जितकी उच्च, तितका त्या एरिअलचा दृष्टीचा झोत अरुंद होतो. ते विमानाकडे रोखून धरावे लागते. माझ्या नववीच्या वर्गाला हा मुद्दा समजावयाला दोन तास लागले, पण समजल्यावर मिलिवॅटचा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही.

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. प्रेषकाची शक्ती वाढविली तर जगाला त्याचा उपद्रव होतो. ऐकणाऱ्या एरिअलची ताकद वाढविली तर कोणालाच होत नाही, कारण ते काहीच फेकत नाही. कायद्याची मर्यादाही बाहेर फेकलेल्या शक्तीवर असते, ऐकण्यावर नव्हे.

पट्ट्यांची निवड करताना १.३ गिगाहर्ट्झचा मोह फार मोठा असतो. परदेशांतील दूर पल्ल्याचे जुने उड्डाणपटू त्याची मनापासून स्तुती करितात, आणि ती खोटी नाही. पानाआडून, फांद्यांआडून त्या लहरी ५.८ पेक्षा पुष्कळ बऱ्या निघतात. पण अमेरिकेतसुद्धा तो पट्टा हौशी रेडिओ परवानाधारकांचा आहे, आणि आपल्याकडे तो बिनपरवाना वापराच्या यादीत नाही. शिवाय त्याचा शेजार नाजूक आहे. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या यंत्रणेचा एक संदेश १,२२७.६ मेगाहर्ट्झला आणि मुख्य संदेश १,५७५.४२ मेगाहर्ट्झला येतो. तो इतका क्षीण असतो की विमानावरच वितभर अंतरावर बोलणारा प्रेषक तो सहज बुडवू शकतो. मग परतीचा रस्ता दाखविणारे यंत्रच आंधळे होते. आणखी एक गंमत पाहा. पूर्वी विमान चालविण्याच्या आज्ञा ४३३ मेगाहर्ट्झवर पाठविण्याची पद्धत होती, आणि ४३३ ची तिप्पट होते १,२९९. आज्ञेच्या लहरीचा तिसरा प्रतिध्वनी नेमका चित्राच्या पट्टीवर येऊन बसे.

महाराष्ट्रापुरते याहून मोठे कारण नारायणगावजवळ खोडद येथे उभे आहे. तेथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तिच्या श्रवणाचा सर्वांत वरचा पट्टा सुमारे १,४५० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, कारण विश्वातील उदासीन हायड्रोजन वायू १,४२०.४ मेगाहर्ट्झवर बोलतो. कोट्यवधी वर्षांमागे निघालेली ती कुजबूज टिपण्यासाठी शांत जागा शोधून ही दुर्बीण तेथे वसविली. अशा ठिकाणी, जुन्नरच्या एखाद्या टेकडीवरून, एखाद्या हौशी पोराने त्याच पट्ट्यात एक वॅटचा प्रेषक आकाशात फिरविला, तर त्याच्या दहा मिनिटांच्या करमणुकीत शास्त्रज्ञांची रात्र फुकट जाईल. आपल्या खेळाचे लोकांना किती मोल द्यावे लागते, याचा विचार केल्याशिवाय पट्टा निवडू नये.

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, पण तेथे घरोघरचे वायफाय आणि बहुतेक विमानांचा आज्ञासंदेशही असतो. चित्र आणि आज्ञा एकाच खोलीत राहू लागली तर भांडण ठरलेले. आज्ञासंदेश २.४ वर ठेवावा आणि चित्र ५.८ वर, ही वाटणी उत्तम. ९०० च्या आसपासचा, अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ मोकळा असलेला पट्टा आपल्याकडे भ्रमणध्वनीवाल्यांच्या वाट्यास गेलेला आहे. तिकडची यंत्रे मागविताना हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडे त्या जवळचा बिनपरवाना तुकडा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो.

राहिला ५.८ गिगाहर्ट्झ. २०१८ साली भारत सरकारने ५,७२५ ते ५,८७५ मेगाहर्ट्झ हा तुकडा शक्तीच्या मर्यादा घालून बिनपरवाना खुला केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो आपला राजमार्ग. पण बाजारातील प्रेषकांवर जी नाली-यादी असते, ती सारीच्या सारी या तुकड्यात बसत नाही. रेसबँड नावाच्या प्रसिद्ध यादीतील आठ नाल्यांपैकी सातवी ५,८८० वर आणि आठवी ५,९१७ वर आहे. त्या दोन्ही कुंपणाबाहेर पडतात. तिसरी ते सहावी, म्हणजे ५,७३२, ५,७६९, ५,८०६ आणि ५,८४३, यांतील मधल्या दोन मला सर्वांत सोयीच्या वाटतात.

आता एरिअल. खरा रस येथे आहे. विमानावरील उभी काडी सर्व दिशांना सारखे पाठविते असे आपण म्हणतो, पण तिच्या प्रक्षेपणाचा आकार मेदुवड्यासारखा असतो. कडेला भरगच्च, आणि काडीच्या टोकाच्या दिशेला भोक. म्हणूनच विमान पाचशे मीटरवर स्वच्छ दिसते आणि नेमके डोक्यावर आले की चित्र तुटते. पुष्कळांना वाटते यंत्र बिघडले. यंत्र ठीक असते, ते भोकात सापडलेले असते.

दुसरी अडचण ध्रुवणाची. उभ्या काडीतून निघालेली लहर उभी डोलते, आणि ती उभ्या काडीलाच नीट ऐकू येते. विमानाने वळण घेताना पंख उभा केला की काडी आडवी होते, आणि चित्राची शक्ती शतांशावर येऊ शकते. यावर तोड म्हणजे लहर डोलविण्याऐवजी मळसूत्रासारखी फिरवीत पाठवावयाची. याला वर्तुळाकार ध्रुवण म्हणतात. विमान कसेही कलंडले तरी फिरकी तीच राहते. आणि दुसरा लाभ याहून मोठा आहे. भिंतीवर, पत्र्यावर किंवा देवळाच्या अगर चर्चच्या मनोऱ्यावर आदळून परतलेल्या लहरीची फिरकी उलटी होते, जशी आरशात उजव्या हाताची प्रतिमा डावा हात दिसते. उजव्या फिरकीचे एरिअल ती उलटी लहर बहुतांशी नाकारते. पूर्वी सरळ आणि परावर्तित लहरी एकमेकींवर पडून चित्र फाटत असे, त्याला यामुळे पुष्कळ आळा बसतो. तिपानी किंवा चौपानी फुलासारखी तारांची एरिअले, वर टोपी घातलेली, आपण पाहिली असतील. ती याच जातीची. फक्त विमानावर उजवे आणि जमिनीवर डावे असे करू नये. दुकानात दोन्ही एका बरणीतल्या गोळ्यांसारखी एकत्र पडलेली असतात.

जमिनीवर याच फिरकीचे दूरवर ऐकणारे एरिअल हवे असेल तर मळसूत्र एरिअलसारखे सोपे आणि सुंदर दुसरे नाही. त्याची कथा मी दर वर्षी वर्गात सांगतो. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॉन क्राउस नावाचे प्राध्यापक होते. १९४६ साली एका व्याख्यानात त्यांनी तारेच्या मळसूत्राचा एका विद्युत्-नळीत केलेला उपयोग पाहिला, आणि व्याख्यात्यास विचारले, याचे एरिअल होईल काय? तो म्हणाला, मी करून पाहिले आहे, होत नाही. क्राउस घरी गेले, तळघरात बसले, आणि घेर एका तरंगलांबीएवढा धरून त्यांनी सात वेढ्यांचे मळसूत्र वळले. लहर वापरली १२ सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या अगदी शेजारची. मळसूत्राच्या टोकातून समोर जोरदार झोत निघाला. पूर्वीच्या माणसाने बहुधा घेर फार लहान ठेवला असावा, असा माझा तर्क आहे. पुढे क्राउस यांनीच अशी ९६ मळसूत्रे एकत्र जोडून रेडिओ दुर्बीण उभी केली. ५.८ गिगाहर्ट्झसाठी या मळसूत्राचा व्यास भरतो जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर, आणि सात वेढ्यांची लांबी आठ-साडेआठ सेंटिमीटर. तांब्याची तार, एक लहान नळी आणि मागे पत्र्याची तबकडी एवढ्या सामानात आठवीची मुलगी ते करू शकते. आमच्याकडे केले आहे.

एरिअलच्या लाभाचा आकडा डेसिबलमध्ये देतात. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट, दहा म्हणजे दहापट. जमिनीवरील ३ डेसिबलच्या साध्या फुलाऐवजी १४ डेसिबलचे मळसूत्र लावले तर ११ डेसिबलची कमाई होते, म्हणजे सुमारे साडेबारापट. २५ मिलिवॅटचा प्रेषक जणू ३०० मिलिवॅटचा होतो, आणि पल्ला साडेतीनपट वाढतो. विमानाचे वजन ग्रॅमभरही वाढत नाही. पण झोताची रुंदी उरते सुमारे ३५ अंश. विमान दूर असताना हे पुष्कळ आहे, पाच किलोमीटरवर तो झोत तीन किलोमीटर रुंद होतो. जवळ आल्यावर मात्र विमान क्षणात झोताबाहेर जाते. म्हणून एकाच ग्राहक यंत्राला दोन एरिअले लावतात, एक चहूकडे ऐकणारे फूल आणि एक समोर ऐकणारे मळसूत्र किंवा चपटी पाटी. ज्याचे चित्र चांगले त्याचे यंत्र आपोआप घेते. मध्यम पाटी, आठ-नऊ डेसिबलची, नवशिक्यास सर्वांत सोसते. २४ डेसिबलच्या तबकड्याही मिळतात, पण त्यांचा झोत दहा अंशांचा, आणि विमानामागे ती फिरविणारे यंत्र नसेल तर ती शोभेची वस्तू आहे.

ग्राहक यंत्र चष्म्यात न ठेवता तिपाईवर उंच ठेवावे. माणसाचे डोके पाण्याने भरलेले आहे आणि ५.८ च्या लहरींना ते भिंतीसारखे आडवे येते. मान वळविली की चित्र जाते ते त्यामुळे. मात्र यंत्र आणि एरिअल यांच्यामध्ये लांब बारीक केबल घालू नये. या कंपनसंख्येला बारीक केबलच्या एका मीटरमध्ये निम्म्याच्या आसपास शक्ती गडप होते, आणि मळसूत्राची सारी कमाई केबलच खाऊन टाकते.

दृष्टिरेषा मोकळी असली म्हणजे झाले, असेही समजू नये. लहरीला रेषेभोवती मोकळी जागा लागते. पाच किलोमीटरच्या वाटेवर मध्यभागी ती ५.८ गिगाहर्ट्झला सुमारे आठ मीटर त्रिज्येची असते आणि १.३ ला सतरा मीटर. येथे ५.८ ची बाजू उजवी ठरते. पण टेकडी आड आली की दोघांचाही नाइलाज होतो.

गेल्या हिवाळ्यात एका माळावर आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. आमच्या मंडळाबाहेरच्या एका तरुणाचे विमान, वजन किलोभर असेल, एका टेकाडामागे उतरत गेले. त्याचे चित्र नव्या अंकीय पद्धतीचे होते. जुन्या पद्धतीत चित्र बिघडण्याआधी मुंग्या येतात, रंग जातो, मागे वळ म्हणून सूचना मिळते. अंकीय चित्र शेवटपर्यंत आरशासारखे राहिले आणि मग गोठले. गोठलेल्या चित्रात आकाश निळे होते, क्षितिज सरळ होते, आणि तो पोरगा ते चित्र खरे मानून दोन-तीन सेकंद तसाच चालवीत राहिला. विमान ज्वारीच्या शेतात पडले. पंचवीस-तीस पावलांवर एक बाई दोन मुलांना घेऊन कणसे खुडीत होती. कोणास लागले नाही. ती फक्त म्हणाली, "हे कुणाचं वो?" आणि आमच्यापैकी कोणालाच उत्तर सुचेना.

त्या दिवसापासून आमच्या मुलांचा दूर पल्ल्याचा अर्थ बदलला आहे. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नमुना विमान नजरेच्या टप्प्यातच उडवावयाचे असते, आणि कोठे किती उंच उडवावे याचे हिरवे, पिवळे, लाल विभाग सरकारी नकाशावर दाखविलेले आहेत. सांबऱ्याचा विमानतळ जवळ असल्याने आम्हांस तो पाहिल्यावाचून माळावर पाऊल टाकता येत नाही. अमेरिकेत व युरोपातही चष्मा चढविणाऱ्याच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी विमान पाहणारा सोबती असावा लागतो. राफाएल पिर्कर या स्विस उड्डाणपटूने २०११ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारावरून असे विमान बेफाम उडविल्याच्या आरोपावरून तेथील विमानखात्याने त्यास १०,००० डॉलरचा दंड केला. प्रकरण वरखाली होऊन २०१५ च्या जानेवारीत १,१०० डॉलरवर मिटले, पण तत्पूर्वी नमुना विमान हेही कायद्याने विमानच, हा निवाडा होऊन गेला.

मग नजरेच्या टप्प्यातच राहावयाचे तर एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. पाच किलोमीटर पुरेल इतकी चित्राची ताकद आठशे मीटरवर वापरली, तर वळणात, झाडाआड, विमानाच्या पोटाखाली एरिअल दडले तरी चित्र तुटत नाही. ज्याला पल्ला म्हणतात तो आम्ही गंगाजळीसारखा बाळगतो, खर्च करीत नाही. आणि आज्ञासंदेशाचा पल्ला चित्राच्या पल्ल्यापेक्षा नेहमी जास्त ठेवतो, म्हणजे चित्र गेले तरी परत बोलाविण्याचा हुकूम पोहोचतो. हुकूमही पोहोचला नाही तर विमानाने काय करावे, हे जमिनीवरच ठरवून, आज्ञायंत्र मुद्दाम बंद करून, पंखा थांबतो की नाही हे पाहिल्यावाचून आम्ही ते हातातून सोडत नाही.

जाता जाता खरेदी करणाऱ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. या एरिअलांच्या जोडण्या दोन प्रकारच्या असतात, दिसावयास अगदी जुळ्या बहिणी. एकीच्या मध्यभागी टाचणी असते, दुसरीच्या ठिकाणी भोक. चुकीची जोडी केली तरी आटे व्यवस्थित बसतात, आणि आत मात्र भोकासमोर भोक येऊन तार कोठेच टेकत नाही. एरिअलशिवाय चालू झालेला प्रेषक आपलीच शक्ती परत अंगावर घेतो आणि काही मिनिटांत जळून जाऊ शकतो. म्हणून दुकानातच जोडी उघडून, उजेडाकडे धरून पाहावी. आणि घरी आल्यावर बॅटरी जोडण्याआधी पुन्हा एकदा.